भाड्याच्या जागेवरचं मॅन्युफॅक्चर्ड होम विकणं (कॅलिफोर्निया)

घर आपलं पण खालची जमीन पार्कवाल्याची (पार्क म्हणजे बाग नव्हे, अशी घरं भाड्याच्या जागांवर ओळीने बसवलेली वसाहत), अशा वेळी फक्त घर दुसऱ्याच्या नावावर करून देणं आणि त्या नव्या माणसाला त्याच जागेवर भाडेकरू म्हणून राहता येईल अशी कायदेशीर सोय लावणं, म्हणजे हा व्यवहार. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, ही नोंद कॅलिफोर्नियाबद्दल आहे कारण तिथला कायदा जुना आहे, बराच सविस्तर आहे आणि घर विकणाऱ्याच्या बाजूने त्यात खरंच खूप काही लिहून ठेवलंय, पण विकणाऱ्यांना ते माहीतच नसतं.

मॅन्युफॅक्चर्ड होम कारखान्यात तयार होतं, लोखंडी चासीसकट ट्रकने ओढून आणतात आणि पार्कमधल्या एका स्पेसवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या जागेवर, बसवतात. त्याच्या बांधणीचे केंद्र सरकारी नियम १५ जून १९७६ पासून लागू झाले, त्याआधीच्या घरांना मोबाइल होम म्हणायचं असं धोरण, तरी बोलताना लोक आजही सगळ्यांनाच मोबाइल होम म्हणतात आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या नावातही तोच शब्द आहे. १९७६ नंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून एक छोटी लाल धातूची पट्टी ठोकलेली असते, साधारण २ इंच बाय ४ इंच, त्यावर आधी अक्षरं आणि मग आकडे. डबलवाइड घर दोन भागांचं, म्हणून पट्ट्याही दोन. आत किचनच्या कपाटात, इलेक्ट्रिक पॅनलजवळ किंवा बेडरूमच्या क्लॉजेटमध्ये एक कागदी डेटा प्लेट चिकटवलेली असते, तिच्यावर कारखान्याचं नाव, सिरीयल नंबर, बनवल्याची तारीख वगैरे. रंगकाम करताना किंवा नवीन साइडिंग (बाहेरच्या भिंतींवरचं आवरण) लावताना या गोष्टी झाकल्या जातात किंवा निघून जातात आणि मग विकताना धावपळ होते, त्यामुळे घर विकायचा विचार मनात आला की पहिल्यांदा हे नंबर शोधून फोटो काढून ठेवावेत.

आता कोणी म्हणेल की घर चाकावरचं आहे तर उचलून न्यावं की दुसरीकडे. तसं होत नाही. एकदा बसवलं की पोर्च, कारपोर्ट, स्कर्टिंग (घराखालची मोकळी जागा चारी बाजूंनी झाकणारे पत्रे), पाणी गॅस ड्रेनेज सगळं जोडलं जातं, हलवायचा खर्च घराच्या किमतीचा मोठा भाग खाऊन टाकतो, आणि जुनं घर घ्यायला दुसरा पार्क तयार होईल याची खात्री नसते. यी विरुद्ध एस्कॉन्डिडो शहर या १९९२ च्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेच नोंदवलंय की शंभरातलं जेमतेम एक मोबाइल होम पुन्हा कधी हलवलं जातं. म्हणजे घर विकायचं तर जागेवरच विकायचं, आणि जागेवर विकायचं तर पार्कवाल्याशी संबंध येणारच, सगळा कायदा याच एका अडचणीभोवती उभा आहे. आपल्याकडची पागडीची खोली आठवा, तिथे खोली दुसऱ्याला देताना घरमालक आपला वाटा मागतो. कॅलिफोर्नियात पार्कवाल्याला असा वाटा मागता येत नाही. विकणाऱ्याने स्वतःहून काही काम सांगितलं असेल तर त्याचे पैसे घेता येतात, एरवी ट्रान्सफर फी नाही.

हा कायदा म्हणजे मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ, १९७८ चा, राज्याच्या सिव्हिल कोडमध्ये कलम ७९८ पासून पुढे. तुमचं घर विकण्याचं काम आमच्याच एजंटला द्या असं पार्क सांगू शकत नाही, तुमच्या लेखी परवानगीशिवाय पार्कने स्वतः ते विकायला काढणंही चालत नाही. घराच्या खिडकीत किंवा पुढे २४ इंच रुंद आणि ३६ इंच उंच इतका 'विकणे आहे' बोर्ड लावायचा हक्क आहे, आमच्या पार्कात बोर्ड चालत नाहीत असं मॅनेजरने तोंडी सांगितलं म्हणून काढून टाकायची गरज नाही.

कागदांचं बोलायचं तर हे घर पक्क्या पायावर कायमचं बसवून तशी नोंद केलेली नसेल तर जमिनीसारखं रजिस्टर होत नाही, गाडीसारखं होतं. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, राज्याच्या हाउसिंग अँड कम्युनिटी डेव्हलपमेंट विभागाकडे असतं, ज्याला सगळे एचसीडी म्हणतात. टायटलवर नोंदणीकृत मालक कोण आणि कर्ज असेल तर कर्ज देणारा कोण हे दोन्ही असतं, त्यामुळे बोजा उतरवल्याशिवाय घर नावावर होत नाही. शिवाय १ जुलै १९८० किंवा नंतर पहिल्यांदा नवीन विकल्या गेलेल्या घरांना सहसा काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) प्रॉपर्टी टॅक्स लागतो आणि मालक बदलताना काउंटीच्या टॅक्स कलेक्टरकडून टॅक्स भरल्याचा दाखला लागतो, त्याआधीच्या बऱ्याच घरांना वर्षाला गाडीसारखी लायसन्स फी. इथेच बरेच व्यवहार अडकतात, कारण कितीतरी घरं हातोहात विकली गेलेली असतात, रोख दिले, पावती घेतली, चावी घेतली, आणि टायटल अजून दोन मालकांपूर्वीच्या माणसाच्या नावावर. थकलेल्या फी वाढत जातात आणि राहणाऱ्या माणसाला कागदावर काहीच मालकी नसते. ही अडचण इतकी पसरली होती की राज्याने २०१७ पासून खास योजना काढून अशा लोकांच्या जुन्या थकबाक्या माफ केल्या. नुसत्या पावतीवर घर घेऊ नये आणि देऊही नये, अगदी ओळखीतल्या माणसाशी असलं तरी.

सगळ्यात नाजूक टप्पा पार्कच्या मंजुरीचा. घर विकत घेणारा तिथेच राहणार असेल तर पार्क आधी त्याला मंजूर करायची अट घालू शकतो, आणि ते एका अर्थी बरोबरही आहे कारण उद्यापासून भाडेकरू तो होणार. पण नकार मनाला येईल तसा देता येत नाही. भाडं आणि बाकीचे चार्जेस भरायची ऐपत असेल तर मंजुरी द्यायलाच लागते, मुख्य अपवाद असा की त्या माणसाच्या आधीच्या भाडेकरूपणावरून तो पार्कचे नियम पाळणार नाही असं वाजवी कारणाने म्हणता आलं पाहिजे. सगळी माहिती मिळाल्यावर १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. इन्कम टॅक्स रिटर्नची कॉपी द्याच असा आग्रह धरता येत नाही. क्रेडिट रिपोर्टसाठी (माणसाने आधीची कर्जं आणि बिलं कशी फेडली त्याचा अहवाल) फी घेतली तर माणूस आत आल्यावर ती पहिल्या महिन्याच्या भाड्यात वळती करायची, नाकारलं तर ३० दिवसांत परत द्यायची. काही पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठीचे असतात, तिथे वयाची अट केंद्राच्या कायद्यात बसत असेल तर नव्या माणसालाही लागू होते, म्हणून तरुण जोडप्याकडून टोकन घेण्याआधी हे विचारून घ्यावं.

मंजुरीनंतर खरेदीदाराने पार्कबरोबर रेंटल अॅग्रीमेंटवर सही करायलाच हवी. सही नाही तर त्याला त्या जागेवर राहायचा हक्कच नाही, मग त्याने घराचे पूर्ण पैसे मोजलेले असोत. पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या त्रयस्थाकडे ठेवलेले, असतील तर या अॅग्रीमेंटची सही केलेली कॉपी तिथे असल्याशिवाय पैसे सोडू नयेत, विकणारा आणि घेणारा दोघांच्याही भल्याचं तेच. लायसन्सवाल्या डीलरमार्फत व्यवहार असेल तर एस्क्रो लागतोच, दोघांनी आपसात केला तर तशी सक्ती नाही, पण थोडा खर्च करून एस्क्रो उघडलेला कधीही बरा.

पार्कवाल्यांचं एक नेहमीचं वाक्य म्हणजे घर जुनं झालंय, विकायचं तर इथून काढून न्या. नुसतं जुनं आहे म्हणून असं सांगता येत नाही. घर ठराविक वर्षांपेक्षा जुनं असावं लागतं (रुंदीप्रमाणे आणि बनवल्याच्या तारखेप्रमाणे १७, २० किंवा २५ वर्षं) आणि शिवाय ते आरोग्य आणि सुरक्षेच्या नियमांत बसत नसावं, किंवा मग ते अगदीच मोडकळीला आलेलं असावं. दुरुस्तीची मागणीही फक्त बाहेरच्या भागापुरती, म्हणजे पायऱ्या, स्कर्टिंग, शेड अशा गोष्टी, आणि तीही लेखी यादी करून, विकण्याचं कळवून यादी मागितल्यावर १० कामकाजाच्या दिवसांत. आतलं कार्पेट बदला, किचन नवीन करा असं पार्कने म्हणायचं नाही. विकणाऱ्याची स्वतःची जबाबदारी मात्र वेगळी आहे: घरातले दोष माहीत असतील ते ठरलेल्या डिस्क्लोजर फॉर्मवर लिहून द्यायचे, झोपायच्या प्रत्येक खोलीत चालू स्मोक अलार्म हवा, आणि भूकंपाचा प्रदेश असल्यामुळे वॉटर हीटर पट्ट्यांनी नीट बांधलेला हवा.

किमतीचा विषय भाड्याशी इतका जोडलेला आहे की एकाशिवाय दुसऱ्याचं बोलताच येत नाही. स्पेसचं भाडं वाढलं की घराची किंमत पडते, कारण घेणारा महिन्याचा एकूण खर्च बघतो. भाडं वाढवायचं तर ९० दिवस आधी लेखी नोटीस लागते, आणि सॅन होजे, एस्कॉन्डिडो अशा शहरांत भाड्यावर स्थानिक नियंत्रणही आहे. एस्कॉन्डिडोत लोकांनी १९८८ मध्ये मतदान करून भाडी १९८६ च्या पातळीवर नेली, पार्कमालक कोर्टात गेले की ही आमच्या जमिनीवरची जबरदस्ती आहे, आणि वरच्याच खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजेचा परिसर) नोकरीला आलेली मराठी कुटुंबंही परवडणारं घर शोधताना कधीतरी या पार्कांच्या जाहिरातींपर्यंत पोचतात, त्यांनी घराच्या किमतीआधी नव्या माणसाला भाडं किती लागणार हे लेखी मागावं, विकणाऱ्याचं आजचं भाडं तेच पुढे चालू राहील असं धरून चालू नये.

मालक वारला तर वारसाला घर विकता येतं, त्यासाठी तिथे राहायला जावं लागत नाही, फक्त तोपर्यंतचं भाडं आणि बिलं भरत राहावं लागतं. हे फार महत्त्वाचं आहे, कारण या पार्कांत एकटी राहणारी म्हातारी माणसं बरीच असतात आणि मुलं दुसऱ्या राज्यात, आईच्या जाण्याच्या दुःखात असताना मॅनेजरने घर सोडून द्या म्हटलं की ती सोडून मोकळी होतात.

पार्क कायदा मोडतोय असं वाटलं तर एचसीडीकडे तक्रार करता येते, २०१८ च्या कायद्याने त्यासाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला आणि १ जुलै २०२० पासून तक्रारी घेतल्या जायला लागल्या, त्याचा खर्च पार्कमधल्या प्रत्येक जागेमागे वर्षाला १० डॉलर आकारून भागवला जातो.