अल्कलाइन कॉमेट की न्यूट्रल कॉमेट: शेपूट दिसलं, पण कुठल्या तुटीचं?

द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांच्या रक्तपेशींतली डीएनएची हानी मोजायची असो, की वाढवलेल्या मानवी पेशी दुहेरी तुटी (डीएनएचे दोन्ही धागे तुटणं) कशा सांधतात ते पाहायचं असो, नाशिकमध्ये एम.एस्सी.च्या प्रबंधात दोन्हीकडे नुसतं ‘कॉमेट केलं’ असं लिहिलेलं चालत नाही. कॉमेट ही डीएनएची हानी मोजायची चाचणी: जेलमधल्या पेशींना विजेच्या क्षेत्रात ठेवलं की तुटलेला डीएनए बाहेर ओढला जातो आणि धूमकेतूसारखं शेपूट दिसतं. तिचे अल्कलाइन आणि न्यूट्रल असे दोन प्रकार; त्यातलं कुठलं, हे सांगायलाच हवं.

सुरुवात दोन्हींची सारखीच. पेशी ३७ अंशांवरच्या लो-मेल्टिंग अगारोजमध्ये (कमी तापमानाला वितळणाऱ्या जेलमध्ये) मिसळून स्लाइडवर पसरतात आणि २.५ मोलर मीठ व डिटर्जंटच्या थंड द्रावणात किमान तासभर ठेवतात. फरक पडतो तो पुढे.

अल्कलाइनमध्ये स्लाइड ३०० मिलीमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये, १३ पेक्षा जास्त पीएचला, २० ते ४० मिनिटं ठेवतात. धागे उलगडतात. मग एकेरी तूट (एकच धागा तुटणं), दुहेरी तूट आणि अल्कलीत तुटणाऱ्या कमकुवत जागा, सगळ्यांचं मिळून एकच शेपूट दिसतं. न्यूट्रलमध्ये पीएच ८-९ च्या आसपास असतो, धागे जोडीनेच राहतात, म्हणून शेपूट मुख्यतः दुहेरी तुटींचं.

खरी गफलत इथे होते. १ ग्रे (किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) किरणोत्सारात एका पेशीत साधारण १,००० एकेरी तुटी होतात आणि दुहेरी फक्त ४० च्या आसपास. एकेरी तुटी बहुतेक अर्ध्या तासात सांधल्या जातात, दुहेरींना तास लागतात. त्यामुळे लायगेज-४ सारखा दुहेरी तूट सांधणारा जनुक काढून टाकला आणि अल्कलाइन कॉमेट केलं, तरी अर्ध्या तासात शेपूट जवळपास नाहीसं होतं. ‘दुरुस्तीत फरक नाही’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा असतो. या प्रश्नाला न्यूट्रलच हवं.

पण न्यूट्रलवरही डोळे झाकून विसंबू नये. एखादी एकेरी तूटही डीएनएच्या पीळदार वेटोळ्याला सैल करते आणि शेपूट वाढतं. म्हणून प्रोटिनेज-के हे प्रथिनं तोडणारं विकर वापरून प्रथिनं नीट काढावीत आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा नमुना दोन्ही पद्धतींत चालवावा. त्यातून एकेरी तुटीच जास्त होतात. बर्फावर थोडा वेळ दिलेल्या कमी मात्रेने न्यूट्रलमध्येही मोठं शेपूट आलं, तर तुमची पद्धत दुहेरी तुटी मोजत नाहीये.

फवारणीसारख्या कमी हानीच्या प्रश्नाला मात्र अल्कलाइनच योग्य, कारण ते जास्त संवेदनशील आहे. फक्त मे महिन्यातला नाशिकचा उकाडा ध्यानात ठेवा: बफर ४ अंशांवर नसेल, तर अल्कलीतच जादा तुटी होतात आणि नियंत्रण नमुन्यालाही शेपूट येतं. पावसाळ्यात दमट हवेमुळे जेल स्लाइडवरून सुटतं. आधी १ टक्का साध्या अगारोजचा थर देऊन तो पूर्ण वाळवा.

सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध दिलेल्या पेशींत उलटंच होतं. डीएनएचे धागे एकमेकांना जखडले जातात, त्यामुळे हानी असूनही अल्कलाइन शेपूट आखडतं. तिथे पेशींना ठरावीक किरणोत्सार देऊन शेपूट किती कमी झालं ते मोजतात.