दर्याचा नारळ आणि त्याची दोन बेटे

मालदीवच्या किनाऱ्यावर पूर्वी अधूनमधून जोडनारळासारखे प्रचंड बी वाहून येई. झाड मात्र कोणी पाहिलेले नव्हते, म्हणून ते समुद्राच्या तळाशी वाढते असा समज रुजला. त्यावर विषाचा उतारा म्हणून अफाट किंमत पडे. करवंटीची कमंडलू नि भिक्षापात्रे होत.

कोडे सुटले १७६८ मध्ये. मॅरियाँ द्यूफ्रेन या दर्यावर्दीने पाठवलेल्या फ्रेंच मोहिमेतील बारे या सर्वेक्षकाला सेशेल्समधील प्रालँ बेटावर या माडाचे रानच सापडले. पुढच्याच वर्षी दुशमँ या कप्तानाने जहाज भरून नारळ हिंदुस्थानात आणले आणि भाव कोसळला.

नैसर्गिकरीत्या हा माड प्रालँ आणि शेजारचे क्युरियूज या दोनच बेटांवर वाढतो. कारण वजनात आहे. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात, ते २० किलोच्याही वर जाते आणि ताजे असताना पाण्यात बुडते. आतला गर कुजून पोकळ झाल्यावरच ते तरंगते, पण तोवर कोंब मेलेला असतो. मालदीवला पोचलेले सारे नारळ असे मृतच होते.

जमीन ग्रॅनाइटची, कसहीन. पन्हळीसारख्या पानांवरून पावसाचे पाणी परागकण, पालापाचोळा आणि विष्ठा घेऊन बुंध्याशी उतरते. झाड आपले खत असे आपणच गोळा करते. नर-मादी झाडे वेगळी असतात, मादी फळावर यायला पंचवीसेक वर्षे तरी जातात.

रुजण्याची रीत तर विलक्षण. दोन पाळ्यांच्या खाचेतून दोरासारखी नळी निघते, मातीखालून काही मीटर लांब जाते आणि तिच्या टोकाशी रोप उगवते. हे रोप दीर्घकाळ बियांतल्या गरावरच पोसले जाते. मधल्या काळात बी हलवले की नळी तुटते आणि रोप मरते. म्हणून बी कायमच्या जागीच ठेवावे.

प्रालँवरचे व्हॅले द मे हे या माडांचे दरीतले रान १९६६ मध्ये राखीव झाले, १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. सेशेल्समध्ये या नारळाच्या व्यवहारावर १९७८ पासून कायद्याचे नियंत्रण आहे. तरी गरासाठी चोरी आणि वणवे चालूच आहेत. आमच्या मते खरा धोका शांतपणे होणाऱ्या वेचणीचा: उंच झाडे उभी दिसतात म्हणून रान भरलेले वाटते, पण प्रत्येक बी उचलले गेले तर त्यांच्या पायाशी एकही रोप उरत नाही.