मामांचं सेको फाइव्ह: विकण्याआधी थोडी पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेतल्या घरी मामांच्या कपाटात ठेवलेलं सेको फाइव्ह हे जपानी मनगटी घड्याळ मामींनी विकायला काढलं आहे. बघायला येणारा माणूस आधी किंमत विचारतो आणि मग "चालतं का?" म्हणून हातात घेतो. हे घड्याळ आलं कुठून, हे अजून कोणी विचारलेलं नाही. घेणाऱ्याला ते माहीत असावं, म्हणून लिहितो आहे.

आधी घड्याळ पालथं करा. स्टीलच्या झाकणावर ७००९ हा आकडा आहे, तो आतल्या मशीनचा. शेजारी सहा जागांचा क्रमांक आहे, त्याची सुरुवात ८ आणि मग एन अशी. सेकोच्या त्या काळच्या क्रमांकात पहिली जागा सालाच्या शेवटच्या अंकाची आणि दुसरी महिन्याची. एन म्हणजे नोव्हेंबर. साल मात्र १९७८ की १९८८, हे क्रमांकावरून कळत नाही. मशीन दोन्ही वेळा बनत होतं. ते मामींना विचारावं लागलं. मामा कुवेतहून पहिल्यांदा सुटीवर आले ते १९८० च्या दिवाळीत, आणि तेव्हा घड्याळ हातात होतं. म्हणजे १९७८.

मामा मालवा मिलमध्ये फिटर होते. मिलच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा उघडायचा; मनगटाला घड्याळ लागतच नव्हतं. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामं निघाली आणि कारागिरांना तिकडून बोलावणी येऊ लागली. तिथे भोंगा नव्हता. पहिल्या काही पगारांतून मामांनी हे घेतलं. आपल्याकडे तेव्हा घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळे जपानी घड्याळ मनगटावर दिसलं की हा माणूस बाहेर जाऊन आला, हे गल्लीला कळायचं.

तसा जपानी हात आपल्या घरांत आधीच पोचला होता. बंगळूरला १९६१ पासून एचएमटीची घड्याळं बनू लागली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. आजोबांच्या एचएमटी जनताला रोज सकाळी चावी द्यावी लागे. मामांच्या घड्याळाला चावी द्यावीच लागत नव्हती आणि आम्हा मुलांना त्याचंच नवल वाटायचं.

सेको घराण्याचं मूळ टोकियोत. किंतारो हात्तोरी यांनी १८८१ मध्ये घड्याळांचं दुकान काढलं, १८९२ मध्ये सेकोशा हा कारखाना. जपानमधलं पहिलं मनगटी घड्याळ, लॉरेल, तिथेच १९१३ मध्ये तयार झालं. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत कारखाना गेला, दुरुस्तीला आलेली गिऱ्हाइकांची सुमारे १,५०० घड्याळंही जळाली. हात्तोरींनी त्या गिऱ्हाइकांना बदल्यात नवी घड्याळं दिली. पुढच्याच वर्षी डायलवर सेको हे नाव आलं. मला या सगळ्या इतिहासात ती बदली घड्याळांची गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

जपानमधलं पहिलं ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ सेकोनेच १९५६ मध्ये केलं, पण खरी करामत १९५९ ची: मॅजिक लिव्हर. मशीनवर अर्धचंद्रासारखं एक वजन असतं. हात हलला की ते फिरतं आणि एका छोट्या दुबेळक्याला मागेपुढे करतं. दुबेळक्याचा एक हात दातेरी चाकाला ओढतो, तर दुसरा ढकलतो. त्यामुळे वजन डावीकडे फिरो की उजवीकडे, स्प्रिंग भरतच जाते. भाग थोडे, म्हणून बिघाड कमी आणि किंमतही आवाक्यात. याच लिव्हरच्या जोरावर १९६३ मध्ये सेको स्पोर्ट्समॅटिक ५ आलं. पाच म्हणजे पाच गुण: ऑटोमॅटिक, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्यापासून बचाव, चाराच्या आकड्याजवळ आत दबलेली किल्ली, दणकट केस आणि पट्टा. किल्ली बाजूला दडवता आली, कारण तिचं रोजचं कामच उरलं नव्हतं. २५ डिसेंबर १९६९ ला याच कंपनीने बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं आणि चावीच्या घड्याळांचा जमाना ओसरू लागला, तरी सेको फाइव्ह बनत राहिलं.

हाताच्या हालचालीवर चालत असल्याने कपाटात पडून बंद झालेलं हे घड्याळ बिघडलेलं नसतं. आडवं धरून हळूहळू हलवा, सेकंदकाटा निघतो. रात्री ९ ते पहाटे ४ तारीख मात्र बदलू नका, तेव्हा आतले दाते गुंतलेले असतात. मामांच्या घड्याळात वार इंग्रजीत आणि अरबीत आहेत. मध्यरात्री खिडकीत आधी अरबी वार सरकतो आणि थोड्या वेळाने इंग्रजी येतो. रात्रपाळीत ते बघत बसायचो, असं मामा सांगायचे.

आता डायलचं. बाजारात चकचकीत निळी, केशरी डायलं दिसतात ती बहुतेक नव्याने रंगवलेली. भिंगातून सहाच्या खाली बघा: मूळ डायलवर केसासारख्या बारीक अक्षरांत मशीनचा नंबर छापलेला असतो. रंगवलेल्यावर तो नसतो, किंवा अक्षरं जाड, वाकडी असतात. एकदा रंग चढला की ते छापील काम कायमचं गेलं. मामांचंही डायल रंगवून देतो, जास्त भाव येईल, असं राजवाड्याजवळच्या एका घडीसाजाने सुचवलं होतं. मामी नको म्हणाल्या. त्याने मशीन खोललं, धुतलं, तेल दिलं, काच बदलली. सहाजवळचा तपकिरी डाग तसाच आहे, त्याखालचा ७००९ वाचता येतो, आणि घड्याळ दिवसाला साधारण अर्धा मिनिट पुढे जातं.