टाकीतला मासा दिसेनासा झाला तर

आधी टाकीबाहेर बघा. स्टँडच्या मागे, सोफ्याखाली, कपाटाच्या फटीत. नव्या टाकीत आलेले मासे पहिले काही दिवस बावरलेले असतात आणि उड्या मारतात, त्याही बहुधा रात्री. फिल्टरची नळी आणि वायर जायला झाकणात ठेवलेली दोन बोटांची खाच त्यांना पुरते. फायटर, डॅनिओ, किलीफिश घरी असतील तर ती खाच स्पंजने किंवा जाळीने बंदच करा. बाहेर पडलेला छोटा मासा सकाळपर्यंत सुकटीसारखा कडक होतो. घरात मांजर असेल, मुंग्या असतील, तर तेवढाही हाती लागत नाही. कल्ले अजून हलत असतील तर ओल्या हाताने उचलून लगेच पाण्यात सोडा, तो वाचू शकतो.

बाहेर नसेल तर दिवा बंद करा आणि अर्ध्या तासाने टॉर्च मारा. कुहली लोच खडीत शिरून दिवसचे दिवस दिसत नाही, सकर लाकडाखाली पडून राहतो. फिल्टरचा प्लग काढून तो उघडून बघा. पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज नसेल तर पिल्लं आणि अशक्त मासे आत ओढले जातात. शोभेच्या पोकळ मडक्यातही डोकावा.

इथपर्यंत शोधून काहीच मिळालं नाही, तर मासा खाल्ला गेला असं धरा. मोठ्याच्या तोंडात मावेल तो लहान मासा सुरक्षित नाही, मग दोघे महिनोन्महिने एकत्र नांदलेले असले तरी. एंजल आणि नियॉन टेट्रा ही जोडी याचं नेहमीचं उदाहरण. दुकानातून नेताना एंजल रुपयाच्या नाण्याएवढा असतो, नियॉनकडे ढुंकून बघत नाही. काही महिन्यांत तो वाढतो आणि नियॉन त्याच्या तोंडात बसायला लागतात. रात्री नियॉनचा रंग फिका पडतो, हालचाल मंदावते, आणि एकेक कमी होत जातो. म्हणून ही जोडी मागणाऱ्याला आम्ही आधीच सांगतो, त्यात आमची एक विक्री गेली तरी चालेल. गप्पीची पिल्लं तर त्यांची आईसुद्धा खाते. त्यांना लपायला दाट वनस्पती हवी.

पण बऱ्याचदा मासा आधी मरतो आणि मग खाल्ला जातो. नियॉनएवढा मासा रात्री मेला, तर सोबतचे मासे, गोगलगायी आणि श्रिम्प मिळून सकाळपर्यंत त्याचा फडशा पाडतात. दोष मात्र गोगलगायीवर येतो. ती धडधाकट मासा पकडत नाही, मेलेला साफ करते. खरा प्रश्न असा की तो मेला कशाने? याचं उत्तर बहुतेक वेळा पाण्यात असतं, म्हणून मासा गायब झाल्यावर पाणी तपासल्याशिवाय राहू नका.

माशांच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात तयार होणारे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. नव्या टाकीत हे विष पचवणारे जिवाणू तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर एकदम डझनभर मासे सोडले किंवा खाणं जास्त टाकलं की अमोनिया वाढतो. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर क्लोरीनने हेच जिवाणू मरतात आणि जुनी टाकीही पुन्हा नव्यासारखी होते. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. मे महिन्यात आणखी एक धोका असतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यात लाइट जाऊन पंप बंद पडला की मासे वर येऊन तोंड मारू लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या.

मासा कुठे अडकून सडत असेल तर त्याचाही अमोनियाच होतो आणि बाकीच्यांना बाधतो. म्हणून शोध त्याच दिवशी घ्या, आणि एक चतुर्थांश पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालूनच. घाबरून पूर्ण टाकी रिकामी करून धुऊ नका, त्याने उरलेले मासेही जातात.

रोज खाणं घालताना मासे मोजायची सवय लावा. त्या वेळी बहुतेक सगळे वर येतात. एखादा खायला आला नाही, कोपऱ्यात पर मिटून बसला, तर तो गायब होण्याआधीच तुम्हाला कळतं.

शंका असेल तर स्वच्छ बाटलीत ग्लासभर पाणी घेऊन दुकानात या, आम्ही तपासून देतो. अमोनिया शून्यावर येईपर्यंत नवा मासा कुठूनही घेऊ नका, आमच्याकडूनही.