परमुलखातलं युद्ध आणि ‘जिंकता येईल का’ हा प्रश्न

परमुलखातलं युद्ध म्हणजे आपलं सैन्य दुसऱ्याच्या जमिनीवर लढतंय, आपल्या गावावर काही बॉम्ब पडत नाहीयेत, आणि घरी बसलेल्या लोकांत निम्मे म्हणतायत की तिथं गेलोच कशाला. अशा युद्धाबद्दल लोकांना दोन प्रश्न विचारले जातात. हे युद्ध करायला पाहिजे होतं का, हा एक, आणि आता केलंच आहे तर जिंकता येईल का, हा दुसरा. साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिताना हे दोन्ही एकाच दमात विचारले जातात, कुणाला वेगळे वाटतही नाहीत, पण जनमताचा अभ्यास करणाऱ्यांची गेल्या पन्नास वर्षांतली मोठी भांडणं नेमकी या दोघांच्या नात्यावरून झालीयेत. ही नोंद मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

व्हिएतनाम आणि गॅलपचा प्रश्न

सगळ्यात जास्त आकडे अमेरिकेचे मिळतात, कारण तिथं गॅलप ही संस्था तोच प्रश्न त्याच शब्दांत वर्षानुवर्षं विचारत राहिली: व्हिएतनामला सैन्य पाठवणं ही चूक होती का? ऑगस्ट १९६५ मध्ये २४ टक्के लोक चूक म्हणाले. ऑगस्ट १९६८ मध्ये ५३ टक्के, मे १९७१ मध्ये ६१ टक्के.

या उतारावरची एक गोष्ट सगळे सांगतात आणि बहुतेक जण अर्धवट सांगतात. नोव्हेंबर १९६७ मध्ये तिथले सेनापती जनरल वेस्टमोरलँड वॉशिंग्टनला येऊन म्हणाले की आता शेवट दिसायला लागलाय. दोनच महिन्यांनी, जानेवारी १९६८ च्या शेवटी, टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात उत्तर व्हिएतनाम आणि व्हिएतकाँग या कम्युनिस्ट फौजांनी दक्षिणेतल्या शंभरावर शहरागावांवर एकदम हल्ले केले, सायगाव या दक्षिणेच्या राजधानीतल्या अमेरिकन वकिलातीच्या आवारातसुद्धा माणसं घुसली. हल्ला करणाऱ्यांचंच नुकसान जास्त झालं होतं, पण टीव्हीवर बघणारा माणूस म्हणाला शेवट दिसत होता ना, मग हे काय? २७ फेब्रुवारीला वॉल्टर क्रॉन्काइट या बातम्या देणाऱ्या माणसाने, ज्याच्यावर सगळ्या देशाचा भरवसा, टीव्हीवर सांगितलं की हे युद्ध अडकून पडलंय, आणि ३१ मार्चला प्रेसिडेंट जॉन्सननी आपण परत निवडणुकीला उभं राहणार नाही असं जाहीर केलं. त्यामुळे टेटने जनमत फिरवलं अशी कथा तयार झाली.

पण ऑक्टोबर १९६७ चा आकडा बघा. टेटच्या तीन महिने आधीच चूक म्हणणारे ४७ आणि नाही म्हणणारे ४४ झालेले. म्हणजे पाया आधीच खचला होता आणि खचला होता म्हणूनच तर सेनापतीला बोलवून ‘शेवट दिसतोय’ म्हणायला लावायची वेळ आली. माझ्या मते टेटचं खरं नुकसान हे की सरकारने दोन महिन्यांपूर्वीच जिंकण्याची तारीख देऊन ठेवल्यासारखं झालं होतं. उधारी फेडायची तारीख आपणच सांगायची आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं, तसं.

अजून एक घोळ, तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘चूक’ म्हणणारे सगळे शांततावादी नव्हते. १२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या मतदानात, जॉन्सन यांच्याच पक्षातल्या युद्धविरोधी युजीन मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली आणि पेपरवाल्यांनी लिहिलं की लोकांना शांतता पाहिजे. नंतर मतदारांच्या मुलाखती तपासल्या तर मॅकार्थींना मत देणाऱ्यांत, जॉन्सन पुरेसे कडक लढत नाहीत म्हणून चिडलेले लोक जास्त निघाले. ‘लढायचं तर नीट लढा, नाहीतर परत या’ असं म्हणणारा आणि ‘परत या’ एवढंच म्हणणारा, दोघं एकाच टक्क्यात मोजले गेले. आपल्याकडे पण ‘एकदाचं करून टाका’ म्हणणारे तात्या आणि युद्धच नको म्हणणारे गुरुजी एकाच कट्ट्यावर सरकारला शिव्या देतात तेव्हा बाहेरून ऐकणाऱ्याला त्यांचं एकमत झाल्यासारखं वाटतं.

मेलेल्यांचा हिशोब का यशाचा हिशोब

जॉन म्युलर या अभ्यासकाने कोरिया आणि व्हिएतनामचे आकडे शेजारी ठेवून १९७० च्या सुमारास मांडलं की पाठिंबा मृतांच्या संख्येबरोबर घसरतो, पण सरळ रेषेत घसरत नाही. शंभराचे हजार होताना जेवढी घसरण होते तेवढीच पुढं हजाराचे दहा हजार होताना. सुरुवातीच्या थोड्या शवपेट्या आल्या की काठावरची माणसं लगेच बाजूला होतात, उरतात ते पक्के, त्यांना हलवायला फार मोठा आकडा लागतो.

इराकच्या वेळी ड्यूक युनिव्हर्सिटीच्या ख्रिस्तोफर गेल्पी, पीटर फीव्हर आणि जेसन रायफलर यांनी उलटा मुद्दा काढला. त्यांचं म्हणणं, माणसं मेलेले मोजत नाहीत, आपण जिंकणार का ते बघतात. जिंकण्याची आशा असेल तर लोक नुकसान सोसतात, आशा गेली की एक मृत्यूही जड होतो. यातले फीव्हर पुढं व्हाइट हाउसच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत कामाला गेले आणि ३० नोव्हेंबर २००५ ला बुशनी अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत जे भाषण केलं त्यात विजय हा शब्द इतक्यांदा आला की पत्रकारांना वास आलाच, अरे हे तर त्या प्रोफेसरांचं गणित.

गणित चाललं का? बोलण्याने फार नाही. बोलण्याची तर आधीच एकदा माती झाली होती, १ मे २००३ ला अब्राहम लिंकन या विमानवाहू जहाजावर ‘मिशन फत्ते’ अशा अर्थाचा बॅनर लावून. इराकमध्ये एकूण सुमारे ४,५०० अमेरिकन सैनिक मेले त्यातले त्या बॅनरच्या आधीचे दीडशेपेक्षा कमी, बाकी सगळे फत्ते झाल्यावर मेले. पण २००७ मध्ये जादा फौज पाठवली, तिथं नवे सेनापती जनरल पेट्रेयस आले, हिंसा कमी झाली आणि तेव्हा मात्र दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरंच बदललं. प्यू या संस्थेच्या पाहणीत युद्ध नीट चाललंय म्हणणारे फेब्रुवारी २००७ मध्ये ३० टक्के होते, ते वर्षभरात ४८ झाले. आणि पहिला प्रश्न? एप्रिल २००८ मध्ये गॅलपच्या पाहणीत इराकला जाणं चूक म्हणणारे ६३ टक्के, म्हणजे व्हिएतनामपेक्षाही वर. लोक म्हणत होते हो, जमतंय आता, पण जायला नको होतं ते नको होतंच. मला या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच वाटतो, दोन प्रश्न वेगळे आहेत याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

तिसरी बाजू अ‍ॅडम बेरिन्स्की या अभ्यासकांची. ते म्हणतात सामान्य माणसाला मृतांचा आकडाच नीट माहीत नसतो, तो आपल्या पक्षाचा पुढारी काय म्हणतो ते बघतो आणि मग ठरवतो. हे पटायला सातारा-सांगलीच्या माणसाला प्रोफेसर लागत नाही. साखर कारखान्याच्या निवडणुकीत ‘आपलं पॅनल येणार’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याला विचारा कशावरून, तो मतांचा हिशोब सांगत नाही, पॅनल आपलं आहे म्हणून येणार. ‘युद्ध जिंकणार’ हे उत्तर पुष्कळदा असंच असतं, अंदाज कमी आणि बाजू जास्त.

जिथं असं कुणी विचारत नव्हतं

सोव्हिएत युनियनने डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात फौज घातली, १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचे सैनिक बाहेर पडले, सुमारे १५,००० मेले. जनमत पाहण्या नाहीत, पेपरात खरं छापत नाहीत, पण जस्ताच्या शवपेट्या गावोगाव येत होत्या आणि लोक त्या मोजत होते. अल्जीरिया या फ्रान्सच्या वसाहतीत स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांकडून फ्रेंच फौजेने १९५७ मध्ये अल्जीयर्स शहर जिंकलं सुद्धा, तरी ८ जानेवारी १९६१ च्या फ्रान्सच्या सार्वमतात ७५ टक्क्यांनी अल्जीरियाच्या स्वयंनिर्णयाच्या बाजूने मत दिलं. लढाई हातात आणि मुलूख गेला.

अमेरिकेचं अफगाणिस्तान याहून लांबलं. नोव्हेंबर २००१ मध्ये चूक म्हणणारे फक्त ९ टक्के, फेब्रुवारी २०१४ ला ४९, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात पडलं. इथं तासगावचा उल्लेख केला पाहिजे. तासगाव-सांगलीच्या बेदाण्याला बाजारात अफगाणी मालाशी टक्कर द्यावी लागते, त्यामुळे काबूलची बातमी इथं वेगळ्या कानाने ऐकली जाते. सौद्याला बसलेला माणूस कोण जिंकलं हे दुसऱ्यांदा विचारतो, पहिल्यांदा विचारतो रस्ता चालू आहे का बंद. २०२३ च्या शेवटी लाल समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले, ऐन द्राक्षाच्या सीझनला, तेव्हा तर द्राक्षवाल्यांना हुथी कोण हे टीव्हीच्या आधी भाड्याच्या बिलावरून कळलं. हे पण जनमतच आहे, कुठल्या पाहणीत येत नाही इतकंच.

युक्रेनचा आकडा इथं फक्त तुलनेला, कारण त्यांच्यासाठी ते परमुलखातलं युद्ध नाही, स्वतःच्या दारातलं आहे. गॅलपला २०२२ मध्ये ७३ टक्के युक्रेनी लोक जिंकेपर्यंत लढू म्हणाले होते, २०२५ मध्ये २४ टक्के, आणि ६९ टक्के म्हणाले लवकरात लवकर बोलणी करून संपवा. युद्ध बरोबर का चूक हा प्रश्न तिथं हल्ला झालेल्यांना कोण विचारणार, तरी जिंकण्याची आशा आटायची ती आटलीच.

सातारा

साताऱ्याजवळ अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात आणि पत्त्यातही तसंच लिहितात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले, त्यांचं स्मारक इंग्रजांनी गावात उभं केलं. घराघरात पलटणीत गेलेलं कुणीतरी. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्याच इराकात, लढत होत्या. कूट या गावात तुर्कांच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून अडकलेल्या पुणे डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करली, पुढच्या मार्चमध्ये इंग्रजांच्या दुसऱ्या फौजेने बगदाद घेतलं. युद्ध शेवटी साहेब जिंकला. ते बरोबर होतं का, जिंकता येईल का, हे साताऱ्यातल्या आईबापांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात तर कमालच. इकडे मराठा पलटणी इटलीत लढतायत आणि त्याच वेळी त्याच जिल्ह्यात (तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा साताऱ्यातच) क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललेलं. इंग्रज जिंकणार का, या प्रश्नाचं उत्तर एकाच घरात दोन असू शकत होतं, पोराच्या मनीऑर्डरीसाठी एक आणि स्वराज्यासाठी दुसरं.

श्रीलंका

स्वतंत्र भारताचं परमुलखातलं वादग्रस्त युद्ध म्हणजे शांती फौज. २९ जुलै १९८७ ला भारत आणि श्रीलंकेत करार झाला, फौज श्रीलंकेत शांतता राखायला गेली आणि ऑक्टोबरात एलटीटीई या वेगळं तमिळ राज्य मागणाऱ्या संघटनेशीच लढायला लागली. एलटीटीईचा गड असलेलं जाफना शहर लवकर हातात येईल असा अंदाज होता. जाफना युनिव्हर्सिटीच्या आवारात रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेली शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळपास सगळी मारली गेली, तेव्हा अंदाजाचं काय झालं ते कळलं. शहर ऑक्टोबरअखेर ताब्यात आलं पण युद्ध जंगलात गेलं. २५ नोव्हेंबर १९८७ ला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. एकूण सुमारे १,२०० जवान कामी आले. पुढं श्रीलंकेचं सरकारच म्हणायला लागलं आता जा, दिल्लीत सरकार बदललं, आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. मद्रासला स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

आमच्या गल्लीत एक रिटायर सुभेदार आहेत, शांती फौजेत होते. टीव्हीवर कुठलंही युद्ध लागलं की पोरं मुद्दाम विचारतात, ‘आबा, काय वाटतंय, जिंकतील का वो?’ आबा दर वेळी आधी एकच विचारतात, त्यांना तिथं काय करायला पाठवलंय? पोरं म्हणतात जिंकायला. ‘ते न्हवं रं, हुकूम काय हाय? आमाला पयला हुकूम हत्यारं जमा करून घ्यायचा हुता.’