पेन्शनचं ओझं जातं कुठे?

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. चाकरमानी कोकणाला नवा नाही. पण म्हाताऱ्यांचा जो खर्च पूर्वी चार-पाच भावंडं वाटून घ्यायची, तो आता एखाद-दोघांवर येतो. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या पाहणीत १.७ पर्यंत उतरला होता.

१८८९ मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने वृद्धांसाठी विम्याचा कायदा केला. पुढे बऱ्याच देशांत रीत पडली ती अशी, की आज कमावणाऱ्यांच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन. कमावते वाढत असतात तोवर हे छान चालतं, हे अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसनने १९५८ मध्ये गणिताने दाखवलं. ते घटले की नातवंडांवर भार येतो.

मग ज्याने त्याने आपली पुंजी साठवावी? केंद्राने २००४ पासून आपल्या नव्या नोकरदारांसाठी तीच वाट धरली, हीच ‘नवी पेन्शन’. पण पैसा साठतो, वस्तू साठत नाहीत. बांगडे सुकवून ठेवले तर पावसाळा निघतो, तीस वर्षं नाही निघत. २०५५ सालचा भात तेव्हाच पिकणार, तेव्हाच्या म्हाताऱ्याला अंघोळ घालणारे हातही तेव्हाचेच. हात कमी आणि पुंजीवाले जास्त झाले, तर महागाई वाढून पुंजीच रोडावते. साठवलेल्या पैशातून उत्पादन वाढलं, तरच नातवंडांचा भार खरोखर हलका होतो.

गरिबांच्या पेन्शनची तऱ्हा आणखी निराळी. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. २००७ पासून तेवढाच! त्यात गॅसचा सिलिंडरही येत नाही. राज्याची भर पडून श्रावणबाळ योजनेत १,५०० होतात, ते ठीक. पण रक्कम महागाईबरोबर वाढली नाही, की सरकारचं वाचतं आणि घरच्यांचं जातं.

घरच्यांचं म्हणजे बहुधा सुनेचं. लावणी करून, मासळी सोलून सासूच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, बँकेच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. तिला परत घेऊन जायचं म्हणजे सुनेची आणखी एक दिवसाची मजुरी बुडणार. या सेवेची नोंद पेन्शनच्या हिशेबात होत नाही, त्यामुळे सून म्हातारी होईल तेव्हा तिच्या नावावर पुंजी नसेल आणि मुलं दूर असतील. जर्मनीत १९९२ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे, ते वाढवणाऱ्याच्या पेन्शनमध्ये तीन वर्षं वर्गणी भरल्याचं धरतात. घरच्या आजाऱ्याची सेवाही काही अटींवर धरली जाते. आपल्याकडे पेन्शनवर वाद रंगतो तो जुनी की नवी यावर, आणि तोही सरकारी नोकरांपुरता.