'पट्टी दाखवा' या बटणामागची ओळ

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला, की अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर पट्टी तयार होते: पोती, वजन, दर, हमाली, तोलाई. 'पट्टी दाखवा' बटण दाबलं की पीडीएफ समोर उघडते. त्यामागे कोडची एकच ओळ असते: 'ही फाइल योग्य त्या प्रोग्रॅममध्ये उघड' असं कॉम्प्युटरला सांगणारी.

ती ओळ जुनी आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीत एका प्रोग्रॅममधून दुसरा चालवायचा तर त्याचं नाव-ठिकाण स्वतःच सांगावं लागे. मॅकिंटॉशने १९८४ मध्ये फाइलसोबतच चार-चार अक्षरांच्या दोन खुणा ठेवल्या, एक प्रकाराची, दुसरी ती बनवणाऱ्या प्रोग्रॅमची. विंडोजने एक्स्टेंशनवर, म्हणजे फाइलच्या नावाअखेरच्या '.pdf'सारख्या अक्षरांवर, भिस्त ठेवली आणि १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये 'शेलएक्झिक्यूट' हे फंक्शन आलं. तुम्ही फक्त फाइल सांगायची, ती कशात उघडायची हे विंडोज आपल्या नोंदींत बघून ठरवतं. उत्तरादाखल एक आकडा येतो. तो ३२ पेक्षा मोठा असेल तर काम झालं, ३१ आला तर त्या एक्स्टेंशनला कुणी धनीच नाही. पुढे वेब आलं, वेबपत्त्याच्या सुरुवातीच्या 'एचटीटीपी'चीही तशीच नोंद होऊ लागली आणि त्याच फंक्शनने वेबपेजही उघडू लागलं.

दुकानाचा प्रोग्रॅम व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) या भाषेत लिहिताना मी सुरुवातीला हा रस्ता घेतला नव्हता. 'शेल' फंक्शनला पीडीएफ रीडरचा पूर्ण पाथ (फोल्डरसकट ठिकाण) देऊन मोकळा झालो. ऐन मार्चमध्ये दुकानात नवा कॉम्प्युटर आला, रीडर वेगळ्या फोल्डरमध्ये बसला आणि बटण दाबताच 'एरर ५३, फाइल नॉट फाउंड'. पट्टीसाठी शेतकरी ताटकळले. ती चूक माझीच होती. रीडर कुठला आणि कुठे, हे माझ्या कोडने ठरवायलाच नको होतं.

इतर ठिकाणीही अशीच सोय आली. जावा भाषावाल्यांना त्यासाठी 'डेस्कटॉप' क्लास मिळाला २००६ च्या अखेरीस, जावा ६ मध्ये. लिनक्सवर हेच काम करणारी 'एक्सडीजी-ओपन' ही कमांड त्याच वर्षीची. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये 'प्रोसेस.स्टार्ट' या फंक्शनला नुसता वेबपत्ता दिला तरी भागायचं, पण २०१६ मध्ये आलेलं डॉटनेट कोअर लिनक्स-मॅकवरही चालणारं, म्हणून त्यात 'यूजशेलएक्झिक्यूट', म्हणजे काम शेलएक्झिक्यूटकडे सोपवायची खूण, मुळात बंद असते. जुना कोड तिकडे नेला की वेबपत्त्यालाच फाइल समजून 'फाइल सापडत नाही' म्हणतो. ती खूण 'ट्रू' (चालू) केली की चालतं.

मात्र शेलएक्झिक्यूट पीडीएफ उघडतं तसंच ईएक्सई, म्हणजे थेट चालणारा प्रोग्रॅमही चालवतं. व्यापाऱ्याच्या माहितीत 'वेबसाइट'च्या रकान्यात कुणी काहीही भरू शकतं, आणि तेही याच ओळीने उघडतं. म्हणून त्या ओळीआधी मी दोन तपासण्या लिहितो: पत्ता 'एचटीटीपी' किंवा 'एचटीटीपीएस'चाच आहे ना, आणि फाइल पट्ट्यांच्या फोल्डरमधली पीडीएफच आहे ना.